नसलेल्या पायाचं दुखणं

मी आयुष्यभर पाय बनवले असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो. माझे दोन्ही शाबूत आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या मागे पत्र्याची लांबट शेड आहे. तिथे मी एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवायचं काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझे वडील नवापूरला बैलगाडीची चाकं करायचे. बापाने चाकं केली, मुलाने पाय केले, तुमच्या घराण्याचा धंदाच लोकांना चालतं ठेवायचा, असं माझी बायको म्हणते.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा गमतीचे अनुभव लिहा असंही सुचवलं गेलं होतं. गमती पुष्कळ आहेत. पण कागद पुढे घेतला की एकच माणूस समोर येऊन बसतो, आणि त्याची गोष्ट गमतीची नाही. त्यात माझं वागणंही फारसं चांगलं नाही. तरी लिहितो.

आधी कामाबद्दल थोडं. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला दवाखान्यात स्टंप म्हणतात, आमच्याकडची माणसं खुंट म्हणतात. मीही खुंटच म्हणायचो. जखम भरली, सूज उतरली की त्या खुंटाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की खुंटाचा हुबेहूब पुतळा हातात येतो. मग कानस घेऊन बसायचं. जिथे मांस भार सोसतं तिथे घासायचं, जिथे हाड टोचतं तिथे भर घालायची. नंतर प्लास्टिकची जाड शीट भट्टीत मऊ करून त्यावर ओढायची, की खुंट बसायची खोळ तयार. तिला सॉकेट म्हणतात. बाकी नळी आणि पाऊल तयार मिळतं. सगळी करामत सॉकेटची. एका सुताएवढं चुकलं तरी माणूस चार पावलांत सांगतो, "पाय चावतो."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे गुडघा. गुडघ्याखाली कापलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत असा चालतो, की पँट घातली तर ओळखू येत नाही. गुडघ्याच्या वर कापलं की सगळं अवघड. नवा पाय जड, गुडघ्याच्या जागी बिजागर, चढ-उतार कठीण. डोंगरातल्या गावी तर असे पाय बहुतेक खुंटीला टांगलेलेच राहतात. म्हणून आमच्या धंद्यात गुडघा वाचला म्हणजे माणूस वाचला असं धरतात.

नसलेल्या पायाची तक्रार मी पहिल्यांदा ऐकली ती अक्कलकुव्याच्या एका बांगडीवाल्या चाचांकडून. साखरेच्या आजारात त्यांचा पाय गेला होता. मी बनवलेला पाय घालून ते बाजारात बसायचे आणि महिन्यातून एकदा उगीचच शेडमध्ये यायचे. बाकावर बसून म्हणायचे, "मिस्त्री, अंगूठे में खुजली है, जरा खुजा दे." मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांच्या रबरी पावलाचा अंगठा खाजवायचो. चाचा वाकून नीट बघत राहायचे, मग म्हणायचे, "बस, आराम आ गया." शेडमधले सगळे हसायचे, चाचाही हसायचे. मला वाटायचं, म्हातारा नाटकी आहे. चाचा वारले, पण नसलेला पाय ही हसण्याची बाब आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यानंतर रतिलाल आला.

रतिलाल विसरवाडीपासून सात-आठ किलोमीटर आत असलेल्या गावचा. वय तेव्हा अडतीस. घरी थोडी भाताची शेती. बाकीचे दिवस तो विसरवाडीला हायवेवर ट्रक भरायला-उतरवायला जायचा. एके दिवशी सिमेंटच्या गोण्या उतरवत असताना ट्रक मागे सरकला आणि ट्रकचा फाळका आणि गोदामाचा ओटा यांच्यामध्ये त्याचा डावा पाय सापडला. घोट्याच्या वर हाडाचा चुरा झाला होता. कापावा लागला, पण गुडघा वाचला. कापलेला पाय दवाखान्याने नातेवाइकांकडे दिला. त्याच्या थोरल्या भावाने तो कापडात गुंडाळून घरी नेला आणि शेताच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली पुरला.

चार महिन्यांनी तो बायकोबरोबर माझ्याकडे आला. बायकोचं नाव मीरा. सगळे तिला मीराबेन म्हणत. ती दोघं आपसात घरच्या बोलीत बोलायची, माझ्याशी अहिराणीत. रतिलालचा खुंट इतका छान भरला होता, की मला आनंद झाला. त्याच्यासाठी मी केलेला पाय हा माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी एक. पहिल्याच दिवशी तो आधाराच्या दांड्या सोडून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मीराबेन तोंडाला पदर लावून बघत होती. जाताना त्याने माझे हात हातात घेतले होते.

पंधरा दिवसांनी तो परत आला. मी विचारलं, "काय रे, चावतो का?"

"चावत नही, नजीरभाई. तुम्हना पाय चांगला शे," तो म्हणाला. "जो पाय नही शे, तो दुखस."

मी हसलो. मोठ्याने हसलो. शेडमधल्या दोघा मदतनिसांनाही हाक मारून सांगितलं, की हे बघा, आपले चाचा परत आले.

रतिलाल हसला नाही. तो म्हणाला, "अंगठा कोनीतरी मांगे पिळी ऱ्हायना." म्हणजे, अंगठा कोणीतरी मागे पिळतंय.

आज मला ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पाय कापलेल्यांना तीन प्रकारचं दुखतं. एक सॉकेट घासून कातडीला होतं ते. दुसरं कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ येते त्याचं. तिथे बोट लागलं तरी करंट बसल्यासारखा माणूस उडतो. आणि तिसरं जो भाग उरलेलाच नाही त्याचं. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा तशीच राहते. ती पायाच्या निरोपाची वाट बघते, निरोप येत नाही, आणि मग मेंदू शेवटचा निरोपच पुन्हा पुन्हा वाजवतो. रतिलालचा शेवटचा निरोप फाळका आणि ओट्याच्या मधला होता. हे मला नंतर एका मॅडमनी समजावून सांगितलं. तेव्हा मला एकच उपाय माहीत होता, सॉकेट. मी ते घासलं, आत मऊ अस्तर लावलं, दुसरं केलं, तिसरं केलं. तो दर वेळी बसने यायचा, निमूट पाय घालून बघायचा आणि म्हणायचा, "सॉकेट चांगलं शे, भाई." माझ्या उत्तम कामाला तो नावं ठेवतोय असं मला वाटायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तो दिवसभर पेंगायचा, आणि पेंगणाऱ्या माणसाला ट्रकवर कोणी घेत नाही. त्याने गोळ्या सोडल्या.

एकदा मीराबेन एकटीच आली. बाकावर बसली आणि अगदी शांतपणे तिने सांगितलं, की त्यांनी पाय उकरून काढला. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं होतं, की पुरताना पाय वाकडा पडला असेल म्हणून पिळवटतो. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून आल्यावर ती आणि थोरला दीर बांधावर गेले. खणलं. आत जे होतं ते तिने स्वतःच्या हाताने बाहेर घेतलं.

"अंगठा खराच वाकडा व्हता, भाई," ती म्हणाली.

तिने हाडं धुतली, सरळ लावली, नवं पांढरं कापड गुंडाळलं आणि परत पुरली. आठ दिवस रतिलालला बरं वाटलं. नवव्या दिवशी पुन्हा सुरू झालं. आता आणखी काही करता येईल का, हे विचारायला ती आली होती.

मी तिला रागावलो. शिकलेल्या माणसासारखा रागावलो. हा अडाणीपणा बंद करा, पाय नाही तर तो दुखेल कसा, त्याच्या मनाचं ते सगळं आहे, त्याला कामाला लावा, असं बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि ती उठून गेली. नवऱ्याचं दुखणं थांबावं म्हणून ती बाई काय करून आली होती आणि ते सांगायला कोणाकडे आली होती, याचा विचार मी फार उशिरा केला. त्यानंतर त्या दोघांनी मला दुखण्याबद्दल काही सांगितलं नाही.

सांगितलं ते डॉक्टरांना. रतिलालने हट्टच धरला, की आणखी वरून कापा. दुखणं खालच्या तुकड्यात अडकलंय, तो तुकडा गेला की ते जाईल. तेव्हाचे शस्त्रक्रियेचे डॉक्टर भला माणूस. ते तयार नव्हते. खुंटाच्या टोकाला नसेची एक गाठ होती, ती काढून बघू म्हणत होते. पण रतिलाल म्हणाला, तुम्ही नाही कापलं तर मी कोयत्याने कापतो. त्याने तसं केलं असतं याबद्दल कोणाला शंका नव्हती. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "नजीर, गुडघ्यावरून कापलं तर हा चालेल का? तुझं मत सांग."

गुडघ्याची किंमत त्या इमारतीत माझ्याइतकी कोणाला माहीत नव्हती. नको म्हणायला हवं होतं. गुडघा गेला तर हा डोंगरातला माणूस बसून राहील, असं स्पष्ट सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पाय बसवून देईन, साहेब."

का म्हणालो, ते इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. मी कंटाळलो होतो. दर पंधरा दिवसांनी शेडच्या दारात त्याचा चेहरा बघायचा मला कंटाळा आला होता. काहीतरी एकदाचं होऊन जावं आणि हा माणूस गप्प व्हावा, असं मला वाटत होतं. डॉक्टरांनी काही केवळ माझ्या शब्दावर कापलं नाही, पण माझा शब्द त्यात होता.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. रतिलाल छताकडे बघत पडला होता. मीराबेन उशाशी उभी होती. मी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तठेच शे, भाई. अंगठा तठेच शे. आते गुडघाबी दुखस."

मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

गुडघ्यावरचा पाय मी त्याला करून दिला, मन लावून केला. तो घरी घेऊन गेला आणि परत कधी आला नाही. विसरवाडीहून येणाऱ्या दुसऱ्या एका माणसाकडून कळलं, की तो घराबाहेर पडत नाही, मीराबेन मजुरीला सीमेपलीकडे गुजरातेत जाते, आणि तो पाय खुंटीला आहे. मी चौकशी केली नाही. दोन वर्षं तो आला नाही, म्हणजे माझी इच्छा पूर्ण झाली होती.

मग दवाखान्यात एक तरुण फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे माणसाच्या मांडीपासून पावलापर्यंत मावेल एवढा आरसा मागितला आणि त्याला लाकडी पाट्यांचा आधार करून द्यायला सांगितलं. केला. मग त्यांनी एका पेशंटला बाकावर पाय पसरून बसवलं, आरसा दोन मांड्यांच्या मधे उभा केला, खुंट आरशामागे लपवला आणि म्हणाल्या, "आरशात बघा आणि चांगल्या पायाची बोटं हलवा." आरशात चांगल्या पायाचं प्रतिबिंब पडतं आणि बघणाऱ्याला दोन्ही पाय दिसतात. गेलेला पाय हलतोय, बोटं उघडतायत, असं डोळे मेंदूला सांगतात. काहींच्या मेंदूला ते पटतं आणि पीळ सुटतो. सगळ्यांना गुण येत नाही, मॅडमनी हे आधीच सांगितलं. पण त्या पेशंटचा चेहरा मी बघितला.

मला चाचा आठवले. रबरी अंगठा मी खाजवत असताना ते वाकून इतकं नीट का बघायचे, ते तेव्हा कळलं. म्हातारा नाटकी नव्हता. उपाय माझ्या हातात येऊन गेला होता आणि मी हसत होतो.

पुढच्या रविवारी घरातलाच एक आरसा चादरीत बांधून मी बसने विसरवाडीला गेलो आणि तिथून रिक्षाने रतिलालच्या गावी. मीराबेनने मला ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. आतून रतिलालचा आवाज आला, "त्यास्ले जाऊ दे." ती आत गेली. तिच्या भाषेत बराच वेळ बोलत होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "या, भाई."

रतिलाल खाटेवर होता. निम्मा झाला होता. मी आरसा उभा केला, खुंट मागे ठेवायला सांगितला. त्याने एकदा आरशात बघितलं आणि मान फिरवली. मीराबेनने त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड परत आरशाकडे केलं. मी म्हणालो, "अंगठा हलव. हळूहळू. बघत राहा."

त्याने हलवला. एकदा, दोनदा. मग सगळी बोटं पसरली, मिटली, पसरली. किती वेळ गेला कोण जाणे. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"सरळ व्हयना," तो म्हणाला, म्हणजे सरळ झाला. पुन्हा तेच म्हणाला, बायकोकडे बघून.

मीराबेन उठून बाहेर गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला नाही, पण ती बराच वेळ आत आली नाही.

आरसा काढल्यावर अर्ध्या तासात दुखणं परत आलं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी त्याला म्हणालो, की रोज करायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि खुंटावर हलकेच थापट्या मारायच्या, म्हणजे मेंदूला तिथून नवे निरोप जातील. त्याने मान हलवली. मग आरशावर हात ठेवून विचारलं, "हाऊ आरसा तव्हय नही व्हता का?"

तव्हय म्हणजे कापायच्या आधी. मी बसमध्ये याच प्रश्नाचं उत्तर तयार करत आलो होतो. तेव्हा हे शास्त्र आलं नव्हतं, असं सांगायचं ठरवलं होतं. ते खोटं होतं. मोठ्या शहरांत तेव्हाही हे करत होते, मॅडमनीच मला सांगितलं होतं.

"होता," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही."

"गुडघा ऱ्हाता का मंग?"

"राहिला असता. बहुतेक."

त्याने आरशावरचा हात काढून घेतला. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेवटी तो म्हणाला, "गुडघा मी दिधा. तुम्ही नही लिधा. पन तुम्ही तव्हय हसनात. ते ध्यानमा शे."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला माहीत नाही. मीराबेनने काळा चहा दिला, तो पिऊन मी निघालो.

त्यानंतर शेडमध्ये पाय मोजायच्या आधी मी प्रत्येकाला विचारायचो, गेलेल्या पायात काय होतंय. बहुतेक माणसं आधी इकडेतिकडे बघायची. आपल्याला वेड्यात काढतील ही भीती त्यांच्या तोंडावर दिसायची. मी स्टूल ओढून बसलो की मग सांगायची. पाण्यात बुडवल्यासारखा गार पडलाय. मुंग्या चढतायत. बूट अजून घट्ट आहे. ऐकून घेतल्याने दुखणं जात नाही, पण मॅडमकडे पाठवता यायचं, आणि त्यांच्याकडे थोडेफार उपाय होते. गुण आलेले आहेत. न आलेले जास्त आहेत.

रतिलालकडे मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिलो. निवृत्त झाल्यावरही जातो. आरशाने त्याला इतकं दिलं, की गोळ्या कमी झाल्या आणि तो अंगणात कुबड्यांवर येऊन बसायला लागला, टोपल्या विणायला लागला. दुखणं गेलं नाही. पावसाळी हवेत, ताप आला की, आणि कधी काहीच कारण नसताना ते पूर्वीसारखं येतं. मग आरसाही चालत नाही, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मीराबेन अजून मजुरीला जाते. तिचे केस पांढरे झालेत. गुडघ्याचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ती अंगणात भात वाळवत होती. म्हणाली, "आज ते बोलनार नहीत. दुखनं जास्ती शे."

मी आत गेलो. रतिलाल खाटेवर उताणा, डोळे मिटून पडला होता. उजवा पाय पसरलेला. डावीकडे मांडीच्या खाली खाट रिकामी होती आणि तिथे गोधडी नीट सारखी केलेली होती. घरात दुसरं बसायला काही नव्हतं. मी आवाज न करता त्या मोकळ्या जागेवर बसायला वाकलो.

त्याने डोळे न उघडता हात पुढे केला.

"तठे नका बठू, भाई," तो म्हणाला. "पाय शे."

मी खाली जमिनीवर बसलो.